पाळीत पोट दुखले तर काय करायचे, हे मुलींना कोण सांगते?

वेण्णाकाठ
मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आठवी ते दहावीच्या मुलींसाठी पाळीविषयी एक तास घेण्याचे काम यंदा माझ्याकडे आले आहे. तासाआधी मुलींकडून नाव न घालता चिठ्ठ्या मागवल्या आणि त्यांत एकच प्रश्न विचारला, की पाळीत पोट दुखू लागले तर तुम्ही घरी काय करता.

पॅड किती तासांनी बदलावे, कसे गुंडाळून टाकावे, हे या मुलींना तोंडपाठ आहे. २०१८ मध्ये अस्मिता योजनेतून जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलींना पाच रुपयांत आठ पॅडचे पाकीट मिळू लागले, आशाताई मोकळेपणाने बोलू लागल्या, शाळाशाळांतून तक्ते लागले आणि स्वच्छतेबाबतचा संकोच बराच ओसरला. दुखण्याबाबत मात्र सर्वांत जास्त चिठ्ठ्यांत "काही नाही, झोपून राहते" किंवा "आई म्हणते सहन कर" असेच उत्तर होते. त्याखालोखाल ओवा, गूळ, गरम पाणी आणि "मेडिकलमधली गोळी" यांचा क्रम लागला. त्या गोळीचे नाव एकीनेही लिहिले नव्हते. एका चिठ्ठीत लिहिले होते, "गोळी अगदी रडू आले तरच घ्यायची असते."

आपल्या घरांतील मुलींना याबाबत नेमके काय ठाऊक आहे, ते त्यांना कोणाकडून कळले, आणि एका पानावर मावेल एवढेच सांगायचे झाले तर काय सांगावे, हे मला येथील सदस्यांकडून जाणून घ्यायचे आहे.

हळदपेठ
आमच्या सांगलीत प्रत्येक दुखण्यावर हळदीचे दूध असते, त्याला पाळीही अपवाद नाही. माझ्या मुलीला मी ओवा आणि गूळ कुटून त्याची गोळी देते, वर ऊन पाणी, आणि जाडे मीठ तव्यावर तापवून फडक्यात बांधून ओटीपोटाला शेक. तिचे भागते. ओव्याने भागते की मिठाच्या शेकाने, की आईने जवळ बसून शेकल्याने, हे मला सांगता येणार नाही.

चारभिंती
हळद आली. आता एखाद्या सातारकराने कंदी पेढ्याचे नाव काढले की चर्चा पूर्ण झाली म्हणायची.

अजिंक्यतारा
विनोद बाजूला ठेवून लिहिते. माझे वय साठीच्या पुढचे आहे. आमच्या लहानपणी "दुखते" हा शब्द उच्चारण्याचीही सोय नव्हती, ही गोष्ट खरी. परंतु बाजूला बसवल्यामुळे तीन-चार दिवस कामातून सुटका होत असे आणि शरीराला विश्रांती मिळत असे. शिवाशिवीचे मी मुळीच समर्थन करत नाही. आजच्या मुलीला मात्र त्याच दिवशी शाळा, शिकवणी आणि घरी येऊन भाकरी थापणे असे सगळेच करावे लागते, आणि वर गोळी घेऊन पळायचे. यात सुधारणा किती झाली, याचा विचार व्हावा असे वाटते.

माणदेशी_आई
अजिंक्यताराताई, तुमचा मान राखून सांगते, ही विश्रांती वाड्यातली असेल. आमच्याकडे माण तालुक्यात बाजूला बसलेल्या बाईला चूल आणि देव्हारा तेवढे बंद असत. शेणाची पाटी, विहिरीचे पाणी, रानातली खुरपणी यांना कसलाही विटाळ नव्हता. बसायचे गोठ्याशेजारी, आणि उठायचे सर्वांच्या आधी.

माझी मुलगी नववीत आहे. पहिले वर्षभर तिला काहीही त्रास नव्हता आणि आता पहिल्या दिवशी ती अक्षरशः गडाबडा लोळते, उलट्या होतात, एक-दोनदा जुलाबही झाले. सासूबाईंचे म्हणणे, की "गेल्या साली दुखत नव्हते, आता शाळा चुकवायला सोंग करते." मला ते सोंग वाटत नाही, पण वर्षभर न दुखता एकाएकी दुखू कसे लागले, हे मलाही उमगलेले नाही. वेण्णाकाठ मॅडम, तुमच्या पानावर याचे उत्तर असेल तर ते मला आधी हवे आहे.

प्रीतिसंगम
मी कराडला स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. माणदेशी_आई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर देते, कारण तोच प्रश्न अनेक माता विचारतात आणि त्यातून अनेक मुलींवर खोटेपणाचा आळ येतो.

पाळी सुरू झाल्यावर पहिले काही महिने, कधी कधी वर्ष-दोन वर्षे, बहुतेक मुलींच्या शरीरात दर महिन्याला बीज तयार होत नाही. अशी पाळी पुढेमागे होते, पण फारशी दुखत नाही. बीज नियमितपणे तयार होऊ लागले, की पाळीच्या तोंडावर गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये मोठ्या प्रमाणात तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू जोराने आकुंचन पावतात, त्यांचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता कमी होतो आणि कळा येतात. हीच द्रव्ये रक्तात व आतड्यांपर्यंत पोचल्याने मळमळ, उलटी, जुलाब, डोकेदुखी, कंबर व मांड्या भरून येणे हे सर्व होते. म्हणजे पहिल्या पाळीनंतर सहा महिने ते दोन वर्षांनी दुखू लागणे हेच या दुखण्याचे नेहमीचे रूप आहे. तुमच्या सासूबाईंनी अचूक निरीक्षण केले आहे, निष्कर्ष तेवढा उलटा काढला आहे.

आता चिठ्ठीतल्या "रडू आले तरच गोळी" या नियमाविषयी. आयब्युप्रोफेन किंवा मेफेनामिक ॲसिड यांसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत. आधीच तयार होऊन बसलेल्या द्रव्यांवर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. त्यामुळे कळ असह्य झाल्यावर गोळी घेणे म्हणजे दूध उतू गेल्यावर गॅस बारीक करणे होय. रक्तस्राव किंवा दुखणे सुरू होताच, पोटात अन्न असताना, पहिले दोन-तीन दिवस सांगितलेल्या अंतराने गोळी घेतली तर बहुतेक मुलींना चांगला आराम मिळतो. आपल्या घरांत सोशिकपणाला शहाणपण समजतात आणि मुलीला शेवटच्या क्षणापर्यंत थांबायला शिकवतात. मग गोळीने गुण आला नाही, की "बघ, गोळीने काही होत नाही" असे म्हणायला मोकळे होतात.

मिरज_औषधवाला
मिरजेत आमचे औषधांचे दुकान आहे, आणि डॉक्टर मॅडमनी लिहिलेले मी रोज काउंटरवर पाहतो. मुलगी स्वतः क्वचित येते. भाऊ किंवा वडील येतात आणि "पोटदुखीची गोळी द्या" एवढेच म्हणतात. कोणाचे पोट, कोठे दुखते, आम्लपित्त की पाळी, हे विचारले तर गिऱ्हाईक इकडेतिकडे पाहू लागते. परिणामी कित्येकदा आम्लपित्ताची गोळी पाळीसाठी जाते आणि पाळीची गोळी उपाशीपोटी घेतल्याने आम्लपित्त होते.

वर "त्या गोळीचे नाव एकीनेही लिहिले नव्हते" असे आले आहे, त्यातच खरी मेख आहे. दुकानातून पाळीसाठी साधारण दोन प्रकारच्या गोळ्या जातात. एक दुखणे थांबवणारी, दुसरी पाळी पुढे ढकलणारी. गौरी-गणपती, घरचे लग्न, गावची जत्रा जवळ आली, की दुसऱ्या प्रकारची मागणी वाढते. ती संप्रेरकाची गोळी आहे आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नये. गावात मात्र दोन्हींना "पाळीची गोळी" असे एकच नाव आहे. "पाळीची गोळी घेतली की पुढे पाळी बिघडते, मूल होत नाही" ही जी भीती मुलींच्या मनात बसलेली असते, ती बहुधा या सरमिसळीतून आलेली आहे. दुखणे थांबवणारी गोळी महिन्यातून दोन-तीन दिवस घेतल्याने मूल होण्यात अडथळा येत नाही आणि तिची सवयही लागत नाही.

दुसऱ्या बाजूनेही सांगतो, नाहीतर औषधविक्रेता गोळ्या खपवतो असे म्हणाल. मेफेनामिक ॲसिडच्या पाकिटावर चिठ्ठीशिवाय विक्री करू नये असे छापलेले असते, ते उगाच नव्हे. भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ च्या अखेरीस या औषधाबाबत सूचना काढली होती, की ते घेतल्यावर क्वचित एखाद्याला अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणे अशी गंभीर ॲलर्जी होऊ शकते. असे काही दिसले तर गोळी बंद करून लगेच डॉक्टरांकडे जावे. ज्यांना वेदनाशामकांनी दम्याचा झटका येतो, पोटात व्रण आहे किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी ही औषधे स्वतःहून घेऊ नयेत. डेंग्यूची शंका असलेला ताप असेल तर मुळीच नाही. आणि एका गोळीने थांबले नाही म्हणून त्याच जातीची दुसऱ्या नावाची गोळी वर घेणे, हा प्रकार तर आमच्याकडे सर्रास चालतो.

अकरावी_सायन्स
मी तासगाव तालुक्यातून एस.टी.ने सांगलीला अकरावीला येते. हा धागा माझ्या मावशीने पाठवला, म्हणून लिहीत आहे.

काकू, मॅडम, आम्हाला माहिती मिळत नाही असे नाही. मोबाइलवर खूप मिळते. एका रीलमध्ये सांगतात की गोळीने गर्भाशय खराब होते, आणि त्याच बाई पुढच्या रीलमध्ये दुखण्यावरचा पट्टा विकतात. एक सांगते थंड पाण्याला हातही लावू नका, दुसरी सांगते काही फरक पडत नाही. आईला विचारले तर आई म्हणते, मला कोणी सांगितले होते? आमच्या वर्गातल्या मुली एकमेकींना विचारतात, आणि जिला सर्वांत जास्त दुखते तिचेच म्हणणे खरे धरतात.

घरी शेक घेता येतो, पण पहाटेच्या गाडीत उभे राहून येताना घेता येत नाही. त्या दिवशी मी पाणी कमी पिते, कारण स्वच्छतागृहात जावेसे वाटत नाही. माझा एक खरा प्रश्न आहे. आजी म्हणते, गोळी घेतली की रक्त कमी जाते आणि घाण आत साठून राहते. मला गोळी घेतल्यावर खरोखरच थोडे कमी जाते. मग आजीचे बरोबर आहे का?

प्रीतिसंगम
फार चांगला प्रश्न विचारलास, बाळ. या गोळ्यांनी रक्तस्राव थोडा कमी होतो, हे तुझे निरीक्षण बरोबर आहे. पण जे कमी जाते ते आत साठत नाही. रक्त मुळातच कमी सुटते. पाळीचे रक्त म्हणजे शरीरातली घाण नव्हे, ते गर्भाशयाचे अस्तर आणि नेहमीचेच रक्त असते. रक्त कमी गेल्याने तोटा होत नाही, उलट ज्या मुलींचे हिमोग्लोबिन कमी आहे त्यांना थोडा फायदाच होतो. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी याचसाठी असते. ती बाकाखाली टाकू नये, हेही मॅडमच्या पानावर यावे.

पाणी मात्र कमी पिऊ नकोस. त्याने डोकेदुखी वाढते, आणि कमी पाण्यावर वेदनाशामक गोळी घेणे मूत्रपिंडाला चांगले नाही.

कुंडलवाट
मी एक बाप म्हणून लिहितो. मुलगी दहावीत आहे. आई शेतात आणि मी घरी, अशी वेळ आली आणि मुलीने पोट धरून बसल्यावर मला काय विचारावे तेच सुचेना. बहिणीला फोन केला, तिने गरम पाण्याची रबरी पिशवी आणायला सांगितले. दुकानात संकोच वाटला म्हणून गुडघ्यासाठी हवी असे म्हणालो, तर दुकानदाराने आस्थेने गुडघ्याचा पट्टाही काढून दाखवला. आता आमच्या घरी पट्टाही आहे.

पिशवीत पाणी किती गरम घालावे, हे कोणी सांगेल काय? मुलीच्या पोटावर जाळीसारखे तांबूस डाग पडले आहेत.

हळदपेठ
कुंडलवाट दादा, ते डाग अति शेकल्याचे आहेत. उकळते पाणी पिशवीत कधीही घालू नये. उकळून थोडे निवलेले पाणी घ्यावे, पिशवी दोन-तृतीयांश भरावी, झाकण लावण्याआधी वरची हवा दाबून काढावी आणि पिशवी पंचात गुंडाळावी. आधी मनगटाच्या आतल्या बाजूस लावून पाहावी. तिथे चटका बसला तर पोटालाही बसणारच. कपड्यावरून शेकावे, थेट कातडीवर ठेवून झोपी जाऊ नये. मिठाच्या पुरचुंडीचेही तेच, कारण मीठ तव्यावरून उतरल्यावर बराच वेळ धग धरून असते.

प्रीतिसंगम
हळदपेठताईंनी नेमके सांगितले. डाग पडले आहेत तेथे काही दिवस शेक बंद ठेवा. हळूहळू फिके होतील.

शेकाला दुय्यम उपाय समजू नये, असेही सांगते. सुमारे ३९ अंश सेल्सिअस उबेचा पट्टा दिवसभर पोटावर ठेवून पाहिले, तेव्हा त्याचा आराम आयब्युप्रोफेनच्या बरोबरीचा आढळला होता. त्यामुळे जास्त गरम हवे असे मुळीच नाही, सौम्य ऊब जास्त वेळ हवी. आल्याच्या पुडीवरही चाचण्या झाल्या आहेत आणि काही मुलींना गुण येतो. ओव्याने पोटातला वात सरतो, तेही काही कमी नाही. आठवड्यातून तीनदा पाऊण तास ते तासभर नियमित व्यायाम करणाऱ्या मुलींचे दुखणे काही महिन्यांत कमी होते. व्यायाम पाळीच्याच दिवशी करावा अशी सक्ती नाही, पण पाळीत खेळले तर इजा होते हा समजही खरा नाही. दही, ताक, लोणचे, चिंच बंद केल्याने दुखणे कमी होते याला आधार नाही.

चारभिंती
लोणचे खाल्ल्याने दुखते की लोणच्याला हात लावल्याने लोणचे नासते, याचा निर्णय आमच्या घरी तीन पिढ्या लागलेला नाही. बरणी मात्र दर वर्षी रिकामी होते.

अजिंक्यतारा
माणदेशी_आईंचे म्हणणे मान्य आहे. मी माझ्या घरापुरते लिहिले होते. तरीही एक शंका राहते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या हाती औषधाचे नाव लिहिलेला कागद द्यावा काय? आईला सांगावे, मुलीला नको, असे माझे मत आहे.

मिरज_औषधवाला
माझे मत नेमके उलट आहे. नाव न सांगितल्याने मुली गोळी घ्यायच्या थांबत नाहीत, मैत्रिणीच्या दप्तरातली कोणतीही पांढरी गोळी घेतात. नाव ठाऊक असेल तर निदान डॉक्टरांना "मी अमुक गोळी घेते" असे सांगता येते.

प्रीतिसंगम
नाव आणि सावधगिरी लिहावी, मात्रा लिहू नये, असे मी म्हणेन. मात्रा वय, वजन आणि इतर आजार पाहून ठरवावी लागते. ती एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घेतली, की दर महिन्याला विचारावी लागत नाही. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असते, तेथेही हा सल्ला मिळतो.

अजिंक्यतारा
यावर माझे पूर्ण समाधान झाले नाही, पण थांबते.

माणदेशी_आई
डॉक्टरताई, सोंग नाही हे सासूबाईंना वाचून दाखवले. "मग लग्न झाल्यावर थांबेल," असे त्या म्हणाल्या. डॉक्टरकडे न्यायचा विषय काढला, तर लग्नाआधी मुलीची तपासणी नको म्हणून घरात वाद झाला. नेमके कधी न्यावे आणि तेथे काय करतात, हे कळले तर मला बोलता येईल.

प्रीतिसंगम
वय वाढल्यावर किंवा बाळंतपणानंतर अनेकींचे दुखणे कमी होते, हे खरे आहे. पण नववीतल्या मुलीला तोवर दर महिन्याला लोळत ठेवणे हा काही उपचार नव्हे.

वेळेवर आणि योग्य रीतीने गोळी व शेक घेऊनही तीन पाळ्यांत फरक पडला नाही, दुखणे महिन्यागणिक वाढू लागले, पाळी नसतानाही दुखते, पाळीत शौचाला किंवा लघवीला जाताना दुखते, तासा-दोन तासाला पॅड भिजते, रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त चालतो, किंवा अगदी पहिल्या पाळीपासूनच तीव्र दुखते, तर तपासून घ्यावे. ताप, चक्कर येऊन पडणे किंवा पोटाच्या एका बाजूला एकाएकी उठलेली जोराची कळ असेल तर त्याच दिवशी न्यावे. पंधरा वर्षे पूर्ण झाली तरी पाळी आली नाही आणि दर महिन्याला पोट मात्र दुखते, अशी मुलगी असेल तर पाळीचा मार्ग जन्मतः बंद असण्याची शक्यता असते. "पाळीच नाही, तर पाळीचे दुखणे कसे असेल" असे म्हणून अशा मुलींना पोटदुखीची औषधे देत राहतात. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, हाही शाळकरी वयात असू शकतो, आणि सोनोग्राफीत काही दिसले नाही म्हणून तो नाहीच असे ठरत नाही.

तपासणीच्या भीतीबद्दल: अविवाहित मुलीची आतून तपासणी सहसा करत नाहीत. आम्ही प्रश्न विचारतो, पोट तपासतो आणि गरज असल्यास पोटावरून सोनोग्राफी करतो. त्यासाठी पाणी पिऊन लघवी धरून ठेवावी लागते, एवढाच त्रास. तुम्ही मुलीसोबत खोलीत थांबू शकता. येताना दोन-तीन महिन्यांच्या पाळीच्या तारखा, कोणत्या दिवशी किती दुखले आणि कोणती गोळी किती वाजता घेतली, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून आणा. त्या नोंदींनी निम्मे निदान होते.

वेण्णाकाठ
सर्वांचे आभार. पानाची पुढची बाजू मुलीसाठी आणि मागची बाजू घरातल्या मोठ्यांसाठी, असे ठरवले आहे. मागे सर्वांत वर माणदेशी_आईंचा प्रश्न आणि त्याचे उत्तर जाईल. पुढच्या बाजूस शेक, लवकर आणि भरल्या पोटी गोळी, दोन गोळ्यांमधला फरक, आणि कधी डॉक्टरांकडे जायचे, एवढेच ठेवते. औषधाचे नाव लिहायचे की नाही, ते मुख्याध्यापकांशी आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांशी बोलून ठरवीन. अजिंक्यताराताईंची शंका पालक नक्की काढतील, त्यामुळे तिचे उत्तर तयार ठेवावेच लागेल. शिक्षक खोलीत विजेची किटली आहे, तेव्हा शाळेसाठी दोन रबरी पिशव्या घेण्याचाही विचार आहे.

जतकर
पान तयार झाले की येथे टाका. आमच्या जत भागात पुष्कळ घरांत कानडी बोलतात. मुली मराठी शाळेत शिकतात, पण आई आणि आजीला मराठी वाचता येत नाही. मागच्या बाजूचे कानडी मी करून देतो.

मिरज_औषधवाला
मॅडम, पिशवी घेताना झाकणाचे वायसर उघडून पाहा आणि दुकानातच पाणी भरून, उलटी धरून तपासा. एकदा वापरलेली पिशवी आम्ही परत घेत नाही.